पिवळी टाच

नर्सने पट्टीचा शेवटचा वेढा सोडला आणि ती मागे सरकली. माझा डावा पाय घोट्याखाली ओळखू येत नव्हता. पावासारखा फुगलेला, टाचेच्या बाजूला द्राक्षाएवढे फोड, आणि बोटांपासून नडगीपर्यंत कातडी पिवळीजर्द. डॉक्टरीणबाई खाली वाकल्या. त्यांनी पायाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, मग माझ्या सुनेकडे. सुनेला त्यांनी काहीतरी विचारलं. तिने उत्तर दिलं. डॉक्टरणीने मान हलवली आणि पुन्हा तेच विचारलं. सुनेने पुन्हा तेच उत्तर दिलं, पण आवाज बारीक झाला होता. मग डॉक्टरणीने दाराकडे हात केला.

"आई, मला बाहेर थांबायला सांगतायत," सून म्हणाली.

"का?"

"माहीत नाही. तुम्ही घाबरू नका."

"मी कशाला घाबरू? तूच पांढरी पडलीयेस."

ती गेली. दार लागलं. आत मी, डॉक्टरीण आणि नर्स. मला जर्मन येत नाही, त्यांना मराठी येत नाही. इंग्रजी त्यांना येतं, मला नाही. डॉक्टरणीने पायाकडे बोट दाखवलं, मग बोटं एकेक करून उघडली आणि भुवया वर केल्या. कधीपासून, असं विचारत असावी. मी एक बोट दाखवलं. कालचं. तिने मान हलवली आणि सात बोटं दाखवली. मी पुन्हा एक दाखवलं. तिने हातमोज्यातला अंगठा पिवळ्या कातडीवरून हलकेच फिरवला आणि ती नर्सशी बोलली. नर्स माझ्याकडे बघून हसली, पण ते हसणं आजाऱ्याकडे बघून हसतात तसं नव्हतं. पोलीसचौकीत हरवलेल्या लहान मुलीला लिमलेटची गोळी देताना हसतात तसं होतं.

मग त्यांनी एक फोन माझ्या कानाशी आणला. पलीकडे एक माणूस हिंदीत बोलत होता.

"माताजी, आप बिल्कुल डरिए मत. घर में आपके साथ कोई मारपीट करता है?"

माझं हिंदी टीव्हीवरचं. समजतं बरं, बोलता येत नाही.

"कोण मारपीट? मैं गिरी."

"किसने गिराया?"

"किसीने नहीं. मैं खुद कूदी."

तो म्हणाला, "कूदी? कहाँ से?"

"छप्पर से."

"क्यों कूदी, माताजी?"

वाळवणाला हिंदीत काय म्हणतात ते मला आठवेना. "पापड के वास्ते," मी म्हटलं.

त्याने ते जर्मनमध्ये सांगितलं. कसं सांगितलं ते देव जाणे. डॉक्टरणीने आधीपेक्षा गंभीर तोंड केलं आणि त्याला आणखी काही विचारलं. फोनवरचा माणूस आता फार हळू बोलायला लागला.

"माताजी, आपको जीने की इच्छा तो है ना?"

"है," मी म्हटलं. "पर पैर दुखता है."

मला खरं म्हणजे एकच विचारायचं होतं. जूनअखेरचं माझं परतीचं तिकीट होतं. तोपर्यंत हा पाय जमिनीवर टेकेल का? पण ते विचारायला धड शब्द नव्हते, आणि तिथे कुणालाच त्यात रस दिसत नव्हता.

मी तीन महिन्यांसाठी न्युरेम्बर्गला मुलाकडे आले होते. दरवर्षी येत नाही. मुलगा बोलावतो, मी टाळते, मग एखाद्या वर्षी टाळणं वाईट दिसतं म्हणून येते. गावाला माझं दोन खोल्यांचं घर आहे. नवरा गेल्यापासून मी तिथे एकटी राहते. एकटी राहते म्हणजे कुणाची वाट बघत राहत नाही, माझं चाललेलं असतं. घर उतारावर आहे, अंगण दगडमातीचं, संडास मागे, तीन पायऱ्या चढून. बंद घराला वाळवी लागते. म्हणून मला जूनअखेर परत जायचं होतं, पावसाच्या आधी कौलं चाळायला माणूस लावायचा होता. दुसरं काही मोठं कारण नाही. माझं घर आहे आणि मला तिथे राहायचं होतं, एवढंच.

इथे मला काम नसतं. मुलगा आणि सून दोघं कंप्युटरवर बसतात, कधी ऑफिसात, कधी घरी. भांडी मशीन धुतं. मे महिन्यात चांगलं ऊन पडायला लागलं तेव्हा सून म्हणाली, "आई, साबुदाण्याच्या पापड्या करायच्या का? इथल्या दुकानातल्या कागदासारख्या असतात." मला काम मिळालं.

पण वाळवायच्या कुठे? बाल्कनीत सकाळी तासभर ऊन येतं, मग समोरच्या इमारतीची सावली. इमारतीच्या मागे गाड्या ठेवायच्या बुटक्या खोल्यांची रांग आहे, वर सपाट सिमेंटचं छप्पर. मागच्या बाजूला जमीन उंच असल्यामुळे तिकडून ते छप्पर माझ्या छातीला लागतं. मी खिडकीतून रोज बघत होते. दिवसभर ऊन, वर कुणी जात नाही, धूळ नाही. इतकी चांगली जागा मोकळी टाकलेली. रविवारी सकाळी मुलगा आणि सून उशिरा उठतात. मी कचऱ्याच्या डब्याजवळचा एक लाकडी खोका ओढला, त्यावरून चढले, जुनी चादर पसरली आणि पापड्या घातल्या. कुणाला विचारायचं मला सुचलं नाही. छपरावर वाळवण घालायला विचारतात का?

दुपारी आभाळ आलं. इथलं आभाळ सांगून येत नाही. मी धावत खाली गेले, चढले, चादर चारी कोपऱ्यांनी गोळा केली. तेवढ्यात शेजारच्या म्हातारीने आपल्या खिडकीतून ओरडायला सुरुवात केली. ती नेहमी मला मान हलवून नमस्कार करते, त्या दिवशी हात हलवून काहीतरी सांगत होती. मला वाटलं, रविवारचा नियम मोडला. इकडे रविवारी बऱ्याच गोष्टी करायच्या नसतात, म्हणजे भिंतीत खिळा ठोकायचा नाही, काचेच्या बाटल्या टाकायच्या नाहीत. वाळवणही असेल त्यात. नंतर सुनेने तिला विचारलं तर ती म्हणाली, मी ओरडलेच नाही. मग कोण ओरडत होतं ते मला अजून कळलेलं नाही.

खोका कुठे ठेवला होता ते चादरीमुळे दिसेना. पाऊस सुरू झाला. मी चादर छातीशी धरली आणि उडी मारली. जन्मभर बांधावरून उड्या मारल्यात. फरक इतकाच की बांधाखाली माती असते आणि इथे फरशी होती, आणि तेव्हा मी पंच्याहत्तरची नव्हते. हातात चादर, त्यामुळे हात टेकता आले नाहीत. सगळी मी टाचांवर आले, त्यात डाव्या टाचेवर जास्त. आवाज झाला तो मला वाटलं पापड्यांचा.

वर तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी बसून, एकेक पायरी मागे सरकत चढले. मुलाने दार उघडलं तेव्हा मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेली.

"आई, काय झालं?"

"लचक भरली. आधी ही चादर घे. भिजलीय."

मुलगा म्हणाला, इस्पितळात जाऊ. मी म्हटलं, रविवारी कोण बसलंय तिथे. तो म्हणाला, इथे रविवारीही बसतात. मी उठून चवड्यावर चालून दाखवलं. टाच टेकवत नव्हते, पण चालत होते. मोडलं असतं तर चालता आलं असतं का? हे त्यालाही पटल्यासारखं झालं.

सुनेने पुण्याला तिच्या आईला फोन लावला, चित्र दिसतं तसा. आमच्या विहीणबाईंच्या माहेरी कुणी वैद्य होते, म्हणून त्या स्वतःला निम्म्या वैद्य समजतात. सुनेने फोन माझ्या पायासमोर धरला.

"विहीणबाई, बोटं हलवा बघू," त्या म्हणाल्या.

हलवली.

"हलतायत. हाड शाबूत आहे. आंबेहळद आणि तुरटीचा लेप घाला गरम करून, वर शेक. उद्या नाचाल. आणि या वयात छपरावर चढायचं काय नडलं होतं म्हणते मी?"

"तुमच्या लेकीला पापड्या हव्या होत्या."

"तिला नुसत्या हव्या असतात. तळल्या की म्हणते, मला तेलकट नको."

"मी इथेच आहे," सून फोन धरून म्हणाली. "दोघींना सांगते."

आंबेहळद घरात नव्हती. न्युरेम्बर्गला रविवारी कुठून आणणार? मुलगा म्हणाला, साधी हळद दुप्पट घालू. इंजिनियर आहे, प्रमाण त्याला लगेच काढता येतं. तुरटीऐवजी मीठ. त्याने ते कढल्यात शिजवलं आणि स्वतःच्या हाताने मला नडगीपासून खाली जाडजूड लावून वर पट्टी गुंडाळली. शेकायला वीट नव्हती. पण इकडे चेरीच्या बिया कापडाच्या पिशवीत शिवून ठेवतात, ती पिशवी मायक्रोवेव्हमध्ये तापवायची आणि दुखऱ्या जागी ठेवायची. सुनेला थंडीत कंबरेसाठी कुणी दिली होती. ती पिशवी दिवसभर तापत राहिली आणि माझ्या टाचेला लागत राहिली. माझ्या टाचांची कातडी चपलेच्या तळासारखी आहे, मला ऊब लागत होती, चटका कळत नव्हता. बरं वाटतंय, मी म्हणत होते. खरंच वाटत होतं. जे केलं ते आम्ही सगळ्यांनी मिळून केलं आणि कुणालाही त्यात काही चूक दिसली नाही. आमच्याकडे पाय मुरगळला की हेच करतात. मुरगळलेला नव्हता, एवढंच.

सोमवारी सकाळी मुलगा कामाला गेला होता. सुनेने पट्टीच्या वरचा पाय बघितला आणि टॅक्सी बोलावली. मी बसून बसून तिन्ही मजले उतरले. आणि मग त्या खोलीत आले, जिथे माझ्या कानाला फोन लावून मला जगायचं आहे की नाही हे विचारत होते.

फोन ठेवल्यावर डॉक्टरीण माझ्याजवळ बसली. तिने माझा हात धरला. मला परक्या बाईने हात धरलेला आवडत नाही, पण ओढून कसा घेणार? बाहेर सुनेचा आवाज चढला होता. ती सहसा आवाज चढवत नाही. दार उघडून ती दुसऱ्या एका नर्सबरोबर आत आली, डोळे लाल, आणि भरभर बोलायला लागली. त्यातला एक शब्द मी पकडला, कारण तो तिने तीनदा म्हटला. कुर्कुमा.

हळदीला जर्मनमध्ये कुर्कुमा म्हणतात. हे मला तिने मग सांगितलं. झालं होतं असं. मुका मार लागला की जागा आधी काळीनिळी होते आणि आठवड्याने पिवळी पडते. डॉक्टरणीला वाटलं, ही बाई आठवड्यापूर्वी पडलीय, तिला सात-आठ दिवस घरात तशीच ठेवलीय, आणि सून खोटं सांगतेय की काल पडली.

"तू आधीच का नाही सांगितलंस हळद म्हणून?" मी विचारलं.

"लाज वाटली," ती म्हणाली. "मला वाटलं, म्हणतील कोण अडाणी लोक आहेत."

"आणि आता काय म्हणाले?"

"आता म्हणतायत, कुर्कुमा तर त्या पण दुधात घालून पितात. पण पायाला इतका रंग लागतो यावर त्यांचा विश्वास बसत नाहीये."

नर्सने साबण लावून पाहिला, स्पिरिट लावून पाहिलं. नीट निघेना. मी सुनेला म्हटलं, तेल माग. हळद तेलाने निघते, हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. तान्ह्या मुलांच्या अंगाला लावायचं तेल आलं. नर्सने फोड वगळून, कापसाने तळपाय पुसला. कापूस पिवळा झाला. दुसरा घेतला, तोही पिवळा. आणि तळपायाच्या मधोमध, पिवळ्याच्या खालून, एक काळाजांभळा डाग वर आला, हाताच्या तळव्याएवढा, ताजा.

डॉक्टरीण त्या डागाकडे बघत राहिली. हळदीचं ती विसरलीच. तळपायाला असा डाग आला की ती टाचेच्या हाडाची खूण असते, सुनेने मला मग सांगितलं. रक्त उतरून तिथे साचतं. आम्ही तीच खूण लिंपून टाकली होती. डॉक्टरणीने दोन्ही तळव्यांमध्ये माझी टाच धरली आणि लिंबू पिळावं तशी बाजूंनी दाबली. मी तिला शिवी दिली. मराठीत दिली म्हणून बरं.

त्यानंतर ती माझ्या पाठीचे मणके वरून खाली एकेक करून दाबायला लागली. मी सुनेला म्हटलं, "यांना सांग, पाठ ठीक आहे. मोडला आहे तो पाय." सून म्हणाली, उंचावरून टाचांवर पडलं की धक्का वर पाठीपर्यंत जातो, कधी कधी मणकाही पिचतो, म्हणून बघतायत. दुसरी टाचही दाबली. पायासाठी आले होते आणि सगळी मीच तपासून घेत होते. पाठ शाबूत निघाली. मग मोठ्या मशीनच्या कमानीत पाय घातला आणि फोटो काढले.

संध्याकाळी मुलगा आला. डॉक्टरणीने कागदावर पेनाने टाच काढून दाखवली. टाचेचं हाड वरून कडक आणि आतून भुसभुशीत असतं. त्याच्या डोक्यावर घोट्याचं हाड बसलेलं. उडी मारली की ते वरचं हाड खाली पाचरीसारखं घुसतं आणि टाच फोडतं. लाकडात पाचर ठोकल्यावर ढलप्या उडतात, तशा माझ्या टाचेच्या झाल्या होत्या. हे मला नीट समजलं. तोवर दोन दिवसांत समजलेली ती पहिली गोष्ट.

आणि पुढची काहीच समजेना. आम्ही शेक दिला होता, त्यांनी बर्फाच्या पिशव्या लावल्या. आम्ही पाय खाली सोडून लेप चोळला होता, त्यांनी उशांचा ढीग करून छातीच्या वर टांगल्यासारखा ठेवला. जे जे आम्ही केलं त्याच्या बरोबर उलट. फोड शेकाने आले का, मुलाने विचारलं. डॉक्टरीण म्हणाली, सुजेनेही येतात, शेकानेही येतात, आता सांगता येणार नाही. मुलगा दोन दिवस तेच विचारत होता, वेगवेगळ्या लोकांना. मी म्हटलं, "पुरे. हळद तू लावलीस, पिशवी तिने तापवली, सांगितलं विहीणबाईंनी, उडी मी मारली. वाटून झालं."

ऑपरेशन लगेच होणार नव्हतं. सूज उतरून कातडीला सुरकुत्या पडेपर्यंत थांबायचं, असं ठरलं. रोज एक डॉक्टर येऊन माझ्या टाचेजवळची कातडी चिमटीत धरून बघायचा आणि मान हलवायचा. बाकी सगळीकडे सुरकुत्या होत्या, हव्या तेवढ्या. जिथे हव्या होत्या तिथे नव्हत्या.

शेवटी एक मोठा डॉक्टर आला, उंच, पांढऱ्या मिशांचा. त्याच्या मागे ती डॉक्टरीणही. मुलगा आणि सून पलंगाच्या दोन बाजूंना उभी. त्याने सांगितलं ते सून एकेक वाक्य मला सांगत गेली. फोड बरे होतायत. आता दोन रस्ते आहेत. धातूची पट्टी आणि स्क्रू घालून हाड जागेवर आणायचं, पण हाड ठिसूळ आहे, स्क्रू धरेल न धरेल, आणि फोड आलेल्या कातडीवर कापलं तर जखम चिघळू शकते. किंवा न कापता तसंच ठेवायचं, बरेच आठवडे पाय टेकायचा नाही, हाड वाकडंच जुळेल.

मुलगा म्हणाला, "ऑपरेशन करा."

मोठ्या डॉक्टरने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो माझ्याकडे बघत होता. त्याने काहीतरी विचारलं.

"ते विचारतायत, तुम्हाला काय हवंय?" सून म्हणाली.

"मला?"

"गेनाऊ. म्हणजे, हो. तुम्हालाच."

आमच्याकडे डॉक्टर मुलाशी बोलतात. म्हातारी बाई भिंतीकडे तोंड करून पडून असते आणि तिला घरी आल्यावर सांगतात. मी मुलाकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघायला लागला. मला पहिल्यांदा घाम फुटला तो तेव्हा. दुखत होतं तेव्हा नाही.

मी म्हटलं, "त्यांना विचार, कुठल्या रस्त्याने मला उकिडवं बसता येईल?"

सून अडकली. तिने दोनतीन शब्द वापरून पाहिले, डॉक्टरला काही कळेना. मग ती ऑफिसच्या पँटीत, पलंगाच्या बाजूला, जमिनीवर उकिडवी बसली, टाचा टेकवून, हात गुडघ्यांवर. तिला नीट बसता येत नव्हतं, ती मागे कलंडली, डॉक्टरणीने तिला धरलं. मोठा डॉक्टर हसला नाही. तो वाकून बघत होता, मी रोज असं बसते का, आणि कशासाठी, विचारत होता.

"सांग, संडासला. भाकरी करायला. भांडी घासायला. गावाला माझं सगळं असंच चालतं."

तो म्हणाला, दोन्ही रस्त्यांनी सांगता येत नाही. सपाट जमिनीवर चालाल असं मला वाटतं. पण टाचेखालचा सांधा पाऊल आतबाहेर वळवतो, तो कडक होईल. खडबडीत जमीन, उतार, उकिडवं बसणं, याचं मी वचन देत नाही.

मी डॉक्टरणीकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. इतकी शिकलेली माणसं, एवढी मशिनं, आणि कुणी सांगू शकत नव्हतं. ते न सांगणं खोटं नव्हतं, हेही मला दिसत होतं. विहीणबाईंनी फोनवर क्षणात सांगितलं होतं, उद्या नाचाल.

"कापायचं नाही," मी म्हटलं. का म्हटलं ते मला अजून सांगता येत नाही. स्क्रूची भीती नव्हती. कुणीच खात्री देत नाही तर निदान कातडी तरी शाबूत राहू दे, असं काहीतरी डोक्यात असावं. मुलगा आठवडाभर माझ्याशी कमी बोलला.

उन्हाळा तिसऱ्या मजल्यावर गेला. पाय वर. पोटात रोज एक सुई, रक्त गोठू नये म्हणून, ती सून टोचायची. पहिल्यांदा तिने सुई दोनदा पोटापर्यंत आणली आणि मागे घेतली. मी म्हटलं, "घाबरतेस काय, तेव्हा तर मला मारत होतीस म्हणे." ती तेव्हा हसली. जूनअखेर विमान गेलं, माझ्याशिवाय; डॉक्टरांचा कागद जोडून मुलाने माझा व्हिसा वाढवून घेतला. गावाला दिराच्या मुलाला सांगितलं, कौलं चाळून घे. त्याने चाळली की नाही कोण जाणे.

मग व्यायाम सांगणारी एक बाई घरी यायला लागली. ती म्हणाली, आता पाय टेकवायचा, पण वीस किलो. पायाला किलो कसे कळणार? तिने न्हाणीतला वजनाचा काटा आणला, डावा पाय त्यावर ठेवायला सांगितला आणि हळूहळू भार टाकायला. काटा वीसवर आला की थांबायचं आणि ते अंगात लक्षात ठेवायचं. मी डोळे मिटून दाबायची, तिने सांगायचं. कधी दहा व्हायचे, कधी पस्तीस. धान्याचं पोतं उचलून मी वजन सांगते, चुकत नाही. स्वतःच्या पायाचं सांगता येईना. फोनवर विहीणबाई विचारायच्या, "आज किती किलोच्या झालात?"

पावसाळा संपायच्या सुमारास मी चालायला लागले. आधी दोन काठ्या, मग एक. हाड जुळलं, रुंद आणि वाकडं, त्यामुळे डाव्या पायाला आता एक नंबर मोठा बूट लागतो. इथे फुटपाथ सपाट आहेत. मी पावाच्या दुकानापर्यंत जाते, येते, दुखतं पण जाते. शेवटच्या तपासणीला मोठ्या डॉक्टरला मी सुनेकडून विचारलं, आता मी गावी एकटी राहू शकते का? तो म्हणाला, मी टाचेबद्दल सांगू शकतो, घराबद्दल नाही. हे उत्तर मला आवडलं नाही, पण बरोबर होतं.

सप्टेंबरात एका रविवारी मुलगा आणि सून मला जंगलात घेऊन गेले. इकडे लोक सुटीला जंगलात नुसते चालतात. सुरुवातीचा रस्ता बारीक खडीचा, तिथे मी बरी चालले. पुढे झाडांची मुळं वर आलेली, दगड, उतार. मी मुळावर पाऊल टाकलं. पाऊल वळायला हवं होतं, वळलं नाही. सगळी मी एका बाजूला गेले, मुलाने काखेत धरलं. मी त्याचा हात सोडवला, दुसरं पाऊल टाकलं. तेच. उभ्या जागी उकिडवं बसायला गेले, डावी टाच उचलली गेली आणि मी झाडाला धरलं. माझ्या अंगणात असेच दगड आहेत, आणि संडासापर्यंत असाच चढ.

"कमोड बसवून घेऊ गावाला," मुलगा म्हणाला. "फरशी घालून घेऊ."

"आणि उताराला काय घालशील?"

"मग?"

"तिकीट काढू नकोस," मी म्हटलं. "किल्ली दिराच्या मुलाकडेच राहू दे. त्याला सांग, महिन्यातून एकदा दारं उघडत जा."

"आल्झो, म्हणजे, बरं तर, आई," सून म्हणाली आणि तिने माझ्या हातात काठी दिली.

ती आनंदली का तिला ओझं वाटलं, मला कळलं नाही. मलाही काय वाटलं ते मला कळलं नाही. आम्ही गाडीपर्यंत हळू परत आलो.

छपरावरून उडी मारली तेव्हा मी पंच्याहत्तर वर्षांची होते. चौथीपर्यंत शाळा, नवरा नाही, भाषा एकच येते. टाच माझी मोडली, कापायचं नाही हे मी ठरवलं, आणि आता न्युरेम्बर्गला तिसऱ्या मजल्यावर मी राहते.